उत्तर एककासह लिहा

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास नात वही घेऊन आली. मुलीचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. मुलगी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिची दुसरी पाळी असली की नात जेवायला आणि अभ्यासाला आमच्याकडे. यंदा तिची दहावी. घरात दहावी असणं म्हणजे काय, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको.

“आबा, तुम्ही सायन्सला होता ना?”

हा प्रश्न मला गेल्या चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. होतो खरा. १९७५ साली दहावीवर एस.एस.सी. झालेली पहिली तुकडी आमची. त्याआधीची मंडळी अकरावीला मॅट्रिक व्हायची. पुढं १९८० साली पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो आणि त्या काळातल्या हजारो बी.एस्सी.वाल्यांप्रमाणं बँकेची परीक्षा दिली. न्यूटनला लांबूनच नमस्कार केला आणि चक्रवाढ व्याजाच्या घरी नांदायला गेलो, तो निवृत्त होईपर्यंत. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यात कुठं गुरुत्व त्वरणाची गरज पडली नाही.

वहीत उदाहरण होतं. नदीच्या पाण्यापासून १५ मीटर उंच असलेल्या पुलावरून एक दगड सरळ वर, सेकंदाला १० मीटर या वेगानं फेकला. तो किती वेळानं पाण्यात पडेल? गुरुत्व त्वरण १० माना, हवेचा विरोध सोडून द्या.

खरं सांगतो, उदाहरण वाचून अंगात वीज खेळली. जुना मित्र गर्दीत अचानक समोर यावा तसं झालं. मी चष्मा पुसला, पेन्सिल उचलली आणि तोंडातून शब्द गेले, “दे इकडं.”

आणि तिथंच हात थांबला. कारण हे दोन शब्द मी याआधी, याच टेबलाशी, दुसऱ्या एका मुलाला शेकडो वेळा म्हटले होते.

ही गोष्ट आहे २००२-०३ ची. मुलगा नववी-दहावीत होता. बँकेतून घरी यायला मला आठ-साडेआठ व्हायचे. डोकं शिणलेलं असायचं. जेवण झालं की तो वही घेऊन यायचा. त्याला विचार करायला वेळ लागायचा आणि माझ्याकडे तेवढा धीर नसायचा. तो पेन्सिल चावत बसला की माझी चुळबूळ सुरू व्हायची. दोन मिनिटं झाली, तीन झाली… “दे इकडं!” मी उदाहरण सोडवून द्यायचो, तो सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा. गृहपाठाच्या वहीवर रोज ‘छान’ असा लाल शेरा. तो शेरा मला मिळत होता, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. दहावीला गाडी कशीबशी निघाली. अकरावी सायन्सला मात्र पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात पन्नासपैकी सहा. वर्षभर तो घरात फारसा बोलला नाही. पुढं शाखा बदलली. आज पुण्यात हिशेबतपासनीस आहे, चांगलं चाललं आहे. पण काही वर्षांपूर्वी गप्पांच्या ओघात सहज म्हणाला, “बाबा, माझी सगळी गणितं तुम्हीच सोडवलीत. मला सोडवायला मिळालीच नाहीत.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मुलीची गोष्ट याच्या उलट. तिच्या अभ्यासाकडे माझं लक्षच नव्हतं. ‘मुलगी हुशार आहे, करते तिची ती’ एवढं बोलून आम्ही मोकळे. ती खरोखरच तिची ती करत गेली आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. वितळलेल्या लोखंडात कार्बन किती टक्के आहे, हे आज तिच्या प्रयोगशाळेतून कळल्याशिवाय भट्टीतला रस ओतत नाहीत. पण या दुर्लक्षाचं श्रेय मी घेऊ नये. “मला कुणी शेजारी बसून विचारलं असतं, तर मला आवडलं असतं की,” असं तीही एकदा बोलून गेलीच आहे. एकाला उत्तरं देत राहिलो, दुसरीला प्रश्नही विचारला नाही. दोन्ही खाती माझ्याच नावावर.

आजकाल मुलांच्या हातातल्या मोबाइलला आपण सगळेच नावं ठेवतो. उदाहरणाचा फोटो काढायचा की पायऱ्यापायऱ्यांसकट उत्तर हजर. नातीच्या वर्गातही हे चालतं. पण मोबाइलला बोल लावताना मी जरा जपून असतो. तो येण्याआधी आमच्या घरात ते काम मीच करत होतो. फरक एवढाच, की मोबाइल चिडत नाही.

तर मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, “तू सोडव. मी बसतो इथं.”

तिनं संशयानं बघितलं. “तुम्हाला येईना काय?”

“येतं का ते बघू. आधी तू.”

“बरं, मी करतो,” ती म्हणाली. आमच्या कोल्हापूरच्या मुली अजूनही ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात, आणि ते ऐकलं की मला बरं वाटतं.

शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या सरांची एक शिस्त होती. भूमितीत जसं पक्ष आणि साध्य, तसं इथं आधी ‘दिलेले’ लिहायचं, मग ‘काढायचे’ लिहायचं, शेजारी आकृती काढायची, आणि मगच सूत्राकडे बघायचं. उत्तराला एकक नसेल तर अर्धा गुण कापला जायचा. तेवढ्यावर भागत नसे. सर वर्गात उभं करून विचारायचे, “पाच? पाच काय? पाच मीटर, का पाच म्हशी?” गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलेल्या आमच्या पोरांना तो विनोद आयुष्यभर पुरला.

त्या विनोदाचं मोल कोल्हापूरकरांना दर पावसाळ्यात कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये गावाच्या तोंडी दोनच आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती ‘फुटां’वर आहे आणि राधानगरीतून किती ‘क्युसेक’ पाणी सोडलं आहे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर मावतात. गुणाकार करून बघा. एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी बाहेर पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला! २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी माळ्यावर बसून काढला, त्यांना ‘क्युसेक’ हे पुस्तकातलं एकक आहे असं सांगून बघा.

आणि ही चूक फक्त शाळकरी पोरंच करतात असं नाही. १९९९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेचं एक यान मंगळाजवळ पोहोचलं आणि नष्ट झालं. जोराचे आकडे एका बाजूनं ब्रिटिश पद्धतीच्या पौंडांत दिले जात होते, दुसरी बाजू ते न्यूटन समजून वापरत होती. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा फार खालून गेलं. आमचे सर तिथं असते, तर त्यांनी पहिल्याच कागदावर लाल पेन्सिलीनं विचारलं असतं, “न्यूटन, का म्हशी?”

इकडं टेबलाशी काम सुरू झालं होतं. तिचं सेमी-इंग्लिश, त्यामुळं मी ‘त्वरण’ म्हणतो तिथं ती ‘अॅक्सिलरेशन’ म्हणते, मी ‘विस्थापन’ म्हणतो तिथं ‘डिस्प्लेसमेंट’. थोडा वेळ आमची दुभाष्यासारखी ओढाताण झाली. मग मी तिला सांगितलं की हे शास्त्र मराठीत आणण्याची खटपट याच गावात झालेली आहे. बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकात इथं कोल्हापुरात विज्ञान शिकवता शिकवता पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. तिला ते नवीन होतं. “म्हणजे ‘त्वरण’ म्हटलं तरी चालतंय?” म्हणाली. म्हटलं, चालतंय. दगडाला दोन्ही भाषा सारख्याच.

दहा मिनिटांनी तिनं उत्तर काढलं. एक सेकंद.

पुस्तकाच्या मागं उत्तर छापलेलं होतं. तीन सेकंद. तिनं पान उलटून बघितलं आणि चेहरा पडला. माझ्या जिभेवर ‘अगं, चिन्ह चुकलं’ हे शब्द आले होते. ते मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले. विचारलं, “दगड वर फेकलास ना? मग वर जाऊन थांबायला त्याला किती वेळ लागेल?”

सेकंदाला दहानं वेग कमी होतो, वेग होता दहा. “एक सेकंद,” ती म्हणाली. मग स्वतःच्या उत्तराकडे बघितलं. “अय्या! एक सेकंदाला तर तो अजून वरच आहे. मी त्याला पाण्यात बुडवला पण!”

मग चूक तिची तिलाच सापडली. दगड वर जातो आहे आणि गुरुत्व खाली ओढतं आहे, पण तिनं दोघांनाही अधिक चिन्ह दिलं होतं. म्हणजे गणितात दगड खाली फेकला गेला. गंमत अशी, की खाली फेकलेल्या दगडासाठी तिचं एक सेकंद हे उत्तर अगदी बरोबर होतं. चूक उत्तर म्हणजे पुष्कळदा वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं. हे मला बँकेत ठाऊक होतं. ताळा जमला नाही आणि फरकाची रक्कम नऊनं भागली गेली, तर बहुधा कुठंतरी ५४ चे ४५ झालेले असायचे. चूकसुद्धा आपला पत्ता सांगत असते, ऐकणारा पाहिजे.

चिन्हं सुधारली. समीकरण आलं. टी वर्ग वजा दोन टी वजा तीन बरोबर शून्य. अवयव पडले आणि दोन उत्तरं मिळाली. अधिक तीन आणि उणे एक. तिनं झटक्यात उणे एकवर काट मारली, शेजारी लिहिलं, ‘काळ ऋण नसतो’, आणि तीन सेकंदांखाली दोन रेघा ओढल्या. एककासह.

मी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, “पण मग ते उणे एक आलं कुठनं?”

“कुठनं?”

आणि माझ्या लक्षात आलं की मलाही माहीत नाही. पन्नास वर्षांपूर्वी मीही त्यावर काट मारत होतो. सर सांगायचे, ऋण उत्तर सोडून द्या. आम्ही सोडून दिलं. कधी विचारलं नाही. “मला येत नाही गं,” मी म्हटलं. घरात हे वाक्य मी बहुतेक पहिल्यांदाच उच्चारलं असेल, कारण आतून आमची ही डोकावून बघून गेली.

जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञानं १९४५ साली ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या आहेत. प्रश्न समजून घ्या, बेत ठरवा, तो पार पाडा, आणि शेवटी मागं वळून बघा. ही चौथी पायरी बहुतेक सगळे गाळतात. उत्तर जुळलं की वही मिटते. बँकेत एकानं नोंद केली की दुसऱ्यानं ती तपासायची असा नियम होता. गृहपाठात दोन्ही कामं एकाच पोराला करायची असतात आणि तपासायच्या वेळी त्याला झोप आलेली असते.

सकाळी सातला दार वाजलं. शाळेच्या गणवेशात नात. “आबा, कळलं! दगड पुलावरून फेकलाच नाही असं समजा. खाली नदीतनंच कुणीतरी वर फेकला. तो आमच्या पुलापाशी आला तेव्हा त्याचा वेग दहा होता. मग तो पाण्यातनं कधी निघाला असेल? एक सेकंद आधी! उणे एक!”

मी कागदावर करून पाहिलं. पाण्यापासून सेकंदाला वीस मीटरनं निघालेला दगड एका सेकंदात पंधरा मीटर चढतो आणि तेव्हा त्याचा वेग बरोबर दहा उरतो. पुलावर घड्याळ सुरू झालं म्हणून दगडाचा प्रवास तिथंच सुरू झाला असं थोडंच आहे? समीकरणाला पूल माहीत नाही. ते त्याच्या आधीचाही प्रवास सांगत होतं. आम्ही पन्नास वर्षं त्यावर काट मारत होतो.

ती शाळेला पळाली. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मला डॉ. जयंत नारळीकरांची आठवण झाली. त्यांचा जन्म आमच्या कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. बालपण गेलं बनारसला, वडील तिथं विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ च्या, ते गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं हळहळ व्यक्त केली, असं मी लिहिणार होतो. पण साल लक्षात ठेवणं बरं, कारण लेख पुढंही वाचले जातात. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लहानपणची त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्यांच्याकडे बनारसला राहायला होते. घरातल्या फळ्यावर ते भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवायचे. भाच्यानं ते सोडवेपर्यंत, नाहीतर हार मानेपर्यंत, ते पुसलं जायचं नाही.

प्रत्येक घरात नारळीकर जन्माला येत नाही, हे मान्य. पण प्रत्येक घरात मोरूमामा असायला काय हरकत आहे? त्याला लागतं काय? एक फळा, एक खडू, आणि उत्तर माहीत असूनही गप्प बसायची ताकद. तिसरी वस्तू बाजारात मिळत नाही.

मी फळा आणला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला. पहिलं उदाहरण रसायनशास्त्राचं लिहिलं, घरातलंच. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपतो तेव्हा त्यातला गॅस जातो कुठं? घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. सोयीसाठी सगळा ब्यूटेन मानायचा. ही सूट पुलावरच्या दगडाला हवेचा विरोध सोडून देण्यासारखीच. फक्त सूट घेतली हे लिहून ठेवायचं.

उदाहरण फळ्यावर तीन दिवस राहिलं. आधी तिनं समीकरणाचा तोल साधला. ब्यूटेनचे दोन रेणू, ऑक्सिजनचे तेरा. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे आठ आणि पाण्याचे दहा. मग अणुभारांवरून वजनं काढली. चौथ्या दिवशी फळ्यावर हिशेब उभा होता. आत गेलं ते गॅस १४.२ किलो आणि हवेतला ऑक्सिजन सुमारे ५०.९ किलो. बाहेर आलं ते कार्बन डायऑक्साइड सुमारे ४३.१ किलो आणि पाणी सुमारे २२ किलो. दोन्हीकडची बेरीज ६५.१.

आयुष्यभर मी ताळेबंद जुळवले, पण असा जुळलेला पाहिला नव्हता. जमा तेवढं नावे. निसर्गाच्या पेढीत एक पैसा इकडचा तिकडं होत नाही.

आमची ही मात्र दुसऱ्याच ओळीवर अडली होती. “म्हणजे एक सिलिंडर संपला की बावीस किलो पाणी माझ्या स्वयंपाकघरात सांडतं?”

“वाफ होऊन, आजी. म्हणून तर थंडीत खिडकीच्या काचांवर पाणी साचतंय.”

“तरी मी म्हणतच होते,” ही म्हणाली, आणि त्या दिवसापासून तीही फळ्याकडे बघू लागली.

रविवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. बोलता बोलता मी पुलाची आणि दगडाची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. मग विचारलं, “तिला उत्तर सांगितलंत?”

“नाही.”

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाला, “बाबा, ते गणित मला पाठवा.”

मी उदाहरण फळ्यावर लिहिलं, नातीनं त्याचा फोटो काढून मामाला पाठवला. रात्री अकरा वाजता त्याचा उलट फोटो आला. हिशेबाच्या कुठल्याशा कागदाच्या पाठीवर पूल काढला होता, दगड काढला होता, बाण काढले होते. दिलेले, काढायचे. अक्षर अजून तसंच सुवाच्य. शेवटी ३ सेकंद, एककासह, खाली दोन रेघा.

उणे एकवर त्यानं काट मारली नव्हती. त्याभोवती गोल काढून शेजारी लिहिलं होतं, “हे काय आहे ते सांगू नका. मी बघतो.”